गुलामांचा व्यापार आणि पार्लमेंटचे दार

इतिहासाच्या तासाला नववीतील एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, इंग्लंडने गुलामांचा व्यापार बंद केला तो विल्बरफोर्सच्या भाषणांमुळेच ना?" परीक्षेपुरते 'होय' असे उत्तर देऊन मी पुढे गेलो. पण मनाला चुटपुट लागून राहिली. नुसत्या भाषणांनी कायदे बदलले असते, तर या कामाला वीस वर्षे लागली नसती.

२२ मे १७८७ रोजी लंडनमधील एका छापखान्यात बारा माणसे जमली. त्यांतील नऊ जण क्वेकर पंथाचे. क्वेकर शपथ घेत नसत, म्हणून त्यांना पार्लमेंटमध्ये बसता येत नव्हते. म्हणजे बदलायचा होता कायदा, आणि कायदेमंडळाचे दार तर बंद! आत बोलणारा कोणी तरी हवा होता. यॉर्कशायरचे खासदार विल्यम विल्बरफोर्स यांनी ते काम पत्करले.

पहिला वाद झाला तो मागायचे काय, यावर. गुलामगिरीच बंद करा, असे अध्यक्ष ग्रॅनव्हिल शार्प यांचे म्हणणे होते. न्यायाच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होते. परंतु वसाहतींत गुलाम म्हणजे मळेवाल्यांची मालमत्ता. मालमत्तेला हात लावतो म्हटले की पार्लमेंटमधील जमीनदार बिथरणार. व्यापाराचे नियमन करण्याचा पार्लमेंटचा अधिकार मात्र नाकारणे कठीण होते. शिवाय नवे गुलाम येणे थांबले, तर मळेवाल्यांना असलेल्यांना तरी नीट वागवावे लागेल, असाही हिशेब होता. म्हणून समितीने फक्त व्यापारबंदी मागितली. शार्प यांना हे रुचले नाही, आणि त्यांना दोष देववत नाही. ज्यांच्या पायांत आधीच बेड्या पडल्या होत्या, त्यांना 'तुम्ही थांबा' असे सांगण्यासारखेच ते होते.

थॉमस क्लार्कसन यांनी ब्रिस्टल आणि लिव्हरपूलच्या बंदरांत हिंडून पुरावा जमवला. बेड्या आणि अंगठे चेपण्याची यंत्रे त्यांनी विकत आणली. पण त्यांची खरी हुशारी दिसते ती जहाजांच्या हजेरीपटांत. हा व्यापार म्हणजे आरमारासाठी खलाशी तयार करणारी शाळा आहे, असे व्यापारी सांगत. क्लार्कसन यांनी एकेक नाव तपासून दाखवून दिले, की ही शाळा नसून खलाशांचे कबरस्तान आहे. आफ्रिकी माणसाच्या हालांनी ज्या खासदाराचे मन हलत नव्हते, त्यालाही आरमाराची काळजी होतीच.

बाहेर लोकमत तापवण्याचे काम चालूच होते. मँचेस्टरच्या एका अर्जावर १० हजारांहून अधिक सह्या झाल्या. 'ब्रुक्स' जहाजात माणसे कशी कोंबली जात, त्याचे चित्र छापून वाटण्यात आले. अनेक घरांनी वेस्ट इंडीजची साखर सोडली; मताचा अधिकार नसलेल्या स्त्रियांनी जणू चहाच्या पेल्यावर आपले मत नोंदवले. १७९२ साली तर ५१९ अर्ज पार्लमेंटपुढे आले.

मळेवालेही स्वस्थ नव्हते. त्यांचे आपले खासदार होते, पैसा होता. आणखी साक्षी घ्या, आणखी चौकशी करा, असे म्हणत ते वेळ काढीत राहिले. १७९१ मध्ये ठराव १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडला. पुढच्या वर्षी हेन्री डंडास यांनी त्यात एकच शब्द घातला: 'हळूहळू'. तसा तो २३० विरुद्ध ८५ मतांनी संमत झाला, आणि उमरावांच्या सभागृहात अडकून पडला. विद्यार्थी मित्रांनो, या एका शब्दाच्या आडोशाने पुढे कित्येक वर्षे जहाजे भरून जात राहिली!

१७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपले. आता सभा आणि सह्या म्हटल्या की सरकारला फ्रेंच क्रांतीचा वास येई. कालपर्यंत जे हत्यार होते, तेच अंगावर उलटू लागले.

वाट काढली ती जेम्स स्टीफन या वकिलाने. हे विल्बरफोर्स यांचे मेहुणे आणि सागरी कायद्याचे जाणकार. ब्रिटिश व्यापाऱ्यांनी परकीय वसाहतींना गुलाम पुरवणे म्हणजे शत्रूलाच बळ देणे, असे त्यांनी मांडले. १८०६ साली युद्धकालीन उपाय म्हणून तसे विधेयक सरकारनेच आणले. दयाधर्माचा त्यात उच्चार नव्हता आणि विल्बरफोर्स मुद्दाम मागे राहिले. मळेवाल्यांना डाव उमगेपर्यंत व्यापाराचा मोठा हिस्सा बेकायदा झाला होता. ही लबाडी होती काय? असेलही थोडी, पण विधेयकात खोटे असे काही नव्हते. दुसऱ्याच वर्षी उरलेल्या व्यापारावर २८३ विरुद्ध १६ मतांनी बंदी आली. २५ मार्च १८०७ रोजी तिला राजाची मान्यता मिळाली.

शार्प यांची मूळ मागणी मान्य व्हायला १८३३ साल उजाडले. तोवर ते हयात नव्हते. कायदा अडवता येत नाही हे पाहून मळेवाल्यांनीही पवित्रा बदलला आणि भरपाई मागितली. त्यांना २ कोटी पौंड मिळाले. ज्यांनी ऊस तोडला त्यांना एक पैही मिळाली नाही. उलट 'उमेदवारी' या नावाखाली त्यांतील बहुतेकांना १८३८ पर्यंत त्याच मालकांकडे राबावे लागले. कंपनी सरकारचा हिंदुस्थान तर या कायद्यातून वगळलेलाच होता. आपल्याकडचा कायदा आला तो १८४३ साली.