"बसू दिलं का?": खडकी बाजार, हॉटेलातले टेबल आणि आपला हक्क

महिन्यातून दोन रविवार आम्ही नवरा-बायको खडकी बाजारात बाहेर जेवतो. कधी इराणी पद्धतीच्या हॉटेलात खिमा-पाव आणि चहा, कधी बिर्याणी, महिनाअखेर असेल तर डोसा. यात लिहिण्यासारखे काय आहे, असे कुणालाही वाटेल. मलाही तसेच वाटत होते. पण लग्नानंतर पहिल्यांदा बाहेर जेवून आम्ही सासरी गेलो, तेव्हा सासूबाईंनी बायकोला पहिला प्रश्न विचारला तो काय खाल्ले, किती बिल झाले, हा नव्हता. त्यांनी विचारले, "बसू दिलं का गं?"

बायको हसली. मला मात्र हसू आले नाही. सासरे खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत कामाला होते, सासूबाई लग्न होऊन गावाकडून इकडे आल्या. त्यांच्या गावच्या चहाच्या हॉटेलात आपल्या लोकांच्या कपबश्या बाहेर वळचणीला ठेवलेल्या असत. आपला कप आपणच काढायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, उकिडवे बसून प्यायचा, विसळून जागेवर ठेवायचा आणि पैसे मात्र इतरांइतकेच द्यायचे. नाण्याला विटाळ नव्हता, कपाला होता. खडकीत तीस-चाळीस वर्षे काढल्यावरही बाई हॉटेलातून "बांधून आणा" एवढेच म्हणत आल्या. घरात सगळे समजत, आईला बाहेरचे आवडत नाही.

आजच्या आपल्या मुलांना हॉटेल म्हणजे मौज वाटते, आणि वाटलीच पाहिजे. पण ही मौज कुणी दिली? "शहरे वाढली, बाजार आला, हॉटेले निघाली आणि जात आपोआप गळून पडली" असा एक सोयीचा इतिहास सांगितला जातो. तो खोटा आहे.

पुण्याचाच चहा घ्या. ऑक्टोबर १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातली बडी मंडळी जमली. टिळक होते, रानडे होते. तिथे चहा-बिस्किटे पुढे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता हात लावला. गोपाळराव जोशींनी ही नावे छापून आणली आणि गावभर ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतले. मराठी पुस्तकांत हे 'चहाप्रकरण' रंगवून सांगितले जाते. पण याच पुण्यात, याच काळात, चहाच्या कपापर्यंत ज्यांना पोचूच दिले जात नव्हते त्यांचे चहाप्रकरण कुठल्या पुस्तकात आहे? मिशनचा चहा पिणाऱ्या ब्राह्मणाला प्रायश्चित्त घेऊन परत जातीत येता येत होते. आपल्यासाठी तसले प्रायश्चित्तही नव्हते. आपण विटाळ 'केलेला' नव्हता, आपणच विटाळ होतो.

पेठांपासून खडकी फार लांब नाही, पण हे गाव वेगळ्या मातीचे. ५ नोव्हेंबर १८१७ ला इथे पेशव्यांचा पराभव झाला, पुढे छावणी बसली, १८५८ ला रेल्वे आली, १८६९ ला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. सैनिक, खलाशी, मजूर, आया, बटलर, कसाई, दर्जी. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, इराणी, तमिळ आणि आपले लोक असा सगळा मेळा. अशा बाजारात ग्रामण्य भरवणार कोण आणि वाळीत टाकणार कुणाला? पेठेत नव्हता एवढा मोकळा श्वास छावणीत मिळाला, हे खरे आहे.

पण म्हणून इंग्रजांच्या आरत्या ओवाळण्याचे कारण नाही. ज्या महारांच्या बळावर त्यांनी लढाया जिंकल्या, त्यांचीच लष्करभरती त्यांनी १८९० नंतरच्या काळात बंद केली. सवर्ण पलटणींना आपण शेजारी नको होतो आणि सरकारला सवर्णांची मर्जी हवी होती. ती भरती पुन्हा सुरू करा म्हणून ज्यांनी अर्ज केले त्यांत पुण्याचे शिवराम जानबा कांबळे होते. १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढणारा हा माणूस नोकरी काय करत होता? मेसॉनिक हॉलमध्ये बटलर. यावर जरा थांबून विचार करा. साहेबाचे टेबल मांडणारा, ताटे-सुऱ्या-काटे लावणारा, पाहुण्यांना वाढणारा हात आपला होता. आणि गावच्या हॉटेलात त्याच हाताला कप शिवायची बंदी होती. म्हणजे प्रश्न स्वच्छतेचा, सवयीचा, 'संस्कारा'चा कधीच नव्हता.

बाबासाहेबांचा अनुभव आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पण त्यातली एक बाजू सहसा कुणी सांगत नाही. १९१७ ला बडोद्याला नोकरीसाठी गेल्यावर त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते पारशांच्या धर्मशाळेत राहिले. दिवसाला दीड रुपया, जेवणासह. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन पारशी आले आणि त्यांना बाहेर काढले. मग ते मित्रांकडे गेले. एक ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारावे लागेल. ते जोडपे मूळचे ब्राह्मण. धर्म बदलून नवरा उदार झाला होता, बायको जुन्याच वळणाची राहिली होती. दार बंद झाले ते इथे, घराच्या चुलीपाशी. आणि जे इराणी-पारशी हॉटेलांना जातीमुक्तीचे मंदिर ठरवतात, त्यांनी त्या काठ्याही लक्षात ठेवाव्यात. हॉटेलातला इराणी जात विचारत नव्हता, कारण त्याला गिऱ्हाईक हवे होते. ती सोय होती, हक्क नव्हता.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी हे मर्म ओळखले होते. गंगाराम कांबळेंना त्यांनी चहाचे हॉटेल काढायला लावले आणि स्वतः गाडी थांबवून तिथे चहा प्यायला लागले. राजाच पितो म्हटल्यावर बरोबरच्या मानकऱ्यांनाही प्यावा लागला. एरवी सुधारणेत सवर्ण यजमान आणि आपण पाहुणे असतो. इथे गल्ल्यावर आपला माणूस होता.

उलट सहभोजनांचे काय झाले? विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत सहभोजनांची लाट आली. सावरकरांनी १९३३ ला रत्नागिरीत 'अखिल हिंदू उपहारगृह' काढले, त्याचा गाजावाजा आजही होतो. आपल्या माणसाच्या हातचा चहा तिथे सवर्णांना पाजला गेला हे खरे असले, तरी पाटीच सांगते की दार कुणासाठी उघडे होते. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या न झालेल्या भाषणात सहभोजनाची मर्यादा स्वच्छ सांगितली: एका पंगतीत जेवून जात मरत नाही. माझ्या मते यात आणखी एक फरक आहे. सहभोजनात कुणीतरी आपल्याला पंगतीत 'घेतो'. हॉटेलात आपण खिशातले पैसे टाकून बसतो. पहिल्यात उपकार आहे. दुसऱ्यात व्यवहार आहे, आणि व्यवहारात बरोबरी मागता येते.

पण ती मागायला कायदा लागतो. ऑगस्ट १९२३ चा बोले ठराव आठवा, ज्याच्या जोरावर महाडचे पाणी मागितले गेले. त्यात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने आहेत. हॉटेल नाही, कारण तो सरकारी पैशावर चालणारा धंदा नव्हता. म्हणजे तळ्याचा हक्क कागदावर आला तरी चहाचा कप मालकाच्या मर्जीवरच राहिला. ही फट बाबासाहेबांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. राज्यघटनेचे कलम १५(२) काढून वाचा: दुकाने, सार्वजनिक उपहारगृहे, हॉटेले यांत प्रवेशाला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकी कशावरूनही अडवता येणार नाही. हे बंधन सरकारपुरते नाही, खाजगी मालकावरही आहे. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत विचारले गेले की 'दुकान' यात केशकर्तनालय, लाँड्री येते का. बाबासाहेबांचे उत्तर होते की शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे; ठरलेल्या अटींवर सेवा देणारा तो दुकानदार.

पुढे १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा आला, १९७६ ला तो नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. त्याच्या कलम ४ मध्ये हॉटेलातल्या भांड्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. दार उघडेल पण कप वेगळा राहील, हे ओळखूनच तो घातलेला आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. २०१५ च्या दुरुस्तीने हाच प्रकार अॅट्रॉसिटी कायद्यातही आला, तिथे सहा महिने ते पाच वर्षे आहेत. कार्यकर्त्यांनी हे कलम पाठ करावे. खेड्यातल्या वेगळ्या कपाची तक्रार नेली की "एवढ्याशा कपासाठी कशाला?" असे विचारणारा अंमलदार आजही भेटतो.

अमेरिकेत १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरोमध्ये चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या काउंटरवर जाऊन बसले आणि चळवळ पेटली. कायदा झाला १९६४ मध्ये. म्हणजे आपली घटना त्यांच्या चौदा वर्षे आधीची. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या ऑलीज बार्बेक्यू नावाच्या हॉटेलाचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या हॉटेलात काळ्यांना जेवण मिळत होते, फक्त बसून नाही. बांधून घेऊन जायचे. मालक हरला. हे वाचले तेव्हा मला सासूबाईंचे "बांधून आणा" आठवले. पार्सल ही सोय वाटते. कित्येकांच्या बाबतीत ती शिक्षा होती, पुढे सवय झाली.

बायकोचे यावर वेगळे म्हणणे आहे आणि ते मला मान्य करावे लागले. ती म्हणते, "तुम्ही पुरुष निदान दारापर्यंत तरी गेलात, हाकलले गेलात, भांडलात. आमच्या आया दारापर्यंतही गेल्या नाहीत." जुन्या हॉटेलांत 'फॅमिली रूम' असे, लाकडी फळीचा आडोसा, पुढे पडदा. बाई दिसायला नको म्हणून. कारखान्याच्या कॅन्टीनमध्येही पुरुषच. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामगारांच्या कॅन्टीनचा आग्रह धरला गेला, १९४८ च्या कारखाना कायद्यात अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीनची तरतूद झाली. सासरे तिथे सगळ्या जातींच्या लोकांबरोबर एका बाकावर जेवले. सासूबाई मात्र तो डबा भरून देत राहिल्या. एकाच घरातला नवरा जातीच्या पंगतीतून बाहेर पडला आणि बायको चाळीस वर्षे तिथेच राहिली, हे आपल्या चळवळीच्या इतिहासात आपण तरी किती लिहिले आहे? पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांच्याबरोबर विद्यार्थ्यांनी २००९ ला दलितांच्या अन्नस्मृतींवर काम केले, शाहू पाटोळेंनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिले. त्यात घरातले ताट आहे. आपल्या बाईच्या हॉटेलातल्या टेबलाबद्दल अजून फार थोडे आहे.

"आता कोण विचारतं?" असे म्हणणाऱ्यांसाठी थोडे अलीकडचे. २०१७ ला याच पुण्यात हवामान खात्यातल्या एका वरिष्ठ अधिकारी बाईंनी स्वयंपाकीण जात लपवून घरात शिरली, देवाधर्माचे बाटवले म्हणून पोलिसात तक्रार दिली. २०२३ ला आयआयटी मुंबईच्या मेसमध्ये शाकाहाऱ्यांसाठी टेबले राखून ठेवली गेली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने 'शुद्ध शाकाहारी' डब्यांसाठी हिरवा गणवेश काढला, टीका झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तो मागे घेतला. २०१५ पासून तर बैलाच्या मांसावरही बंदी आली. छावणीच्या बाजारातले स्वस्त ताट त्या दिवशी मेनूतून गेले.

आणि आमचा स्वतःचा अनुभव? शहरातल्या एका थाळीच्या हॉटेलात गर्दी होती. वहीत नाव लिहायचे होते. आमच्या आधीच्या चौघांची पहिली नावे लिहून घेतली. मी नाव सांगितल्यावर मात्र "आडनाव?" मी म्हटले, नावावरच हाक मारा. "तरी पण?" मी आडनाव सांगितले. टेबल मिळाले, जेवणही चांगले होते. त्याने सवयीने विचारले असेल, कदाचित. पण सवयीने विचारले की मुद्दाम, हे तपासत आम्ही दोघे सगळे जेवण जेवलो. शेजारच्या टेबलावरचे जोडपे नुसते जेवत होते.

गेल्या महिन्यात सासूबाईंना खडकी बाजारात घेऊन गेलो. यायला तयार नव्हत्या, नातीने ओढून आणले. भिंतीला पाठ लावून कडेच्या खुर्चीवर बसल्या. चहा पिऊन झाल्यावर कप-बशी हातात घेऊन उठल्या आणि इकडे तिकडे बघायला लागल्या. नळ शोधत होत्या. पोऱ्या आला, म्हणाला, "राहू द्या आजी, मी नेतो."

खडकी, दापोडी, देहूरोड भागात ज्यांच्या घरी फॅक्टरीत किंवा डेपोत काम केलेली माणसे अजून आहेत, त्यांनी एक करावे. पहिल्यांदा हॉटेलात बसून चहा कधी प्यायला, कुठे, कुणाबरोबर आणि आजी बरोबर होती का, हे विचारून लिहून ठेवावे. ही माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.

जयभीम.