दुर्बिणीची शिस्त

मराठी भाषेंत 'शिस्त' ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. वळण, नियमितपणा हा एक अर्थ. तो सर्वांच्या तोंडीं आहे. दुसरा आतां मागें पडला आहे. बंदूक रोखून नेम धरणें ह्याला जुनी माणसें 'शिस्त धरणें' असें म्हणत. आजच्या भाषणाचा विषय ही दुसरी शिस्त, आणि ती साधावी म्हणून माणसानें बंदुकीच्या नळीवर बसविलेली दुर्बीण, हा आहे.

नाशिककरांस हा विषय परका वाटूं नये. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनीं १९३७ सालीं येथें भोंसला मिलिटरी स्कूल काढलें. शहराशेजारच्या देवळालीस तोफखान्याचें विद्यालय आहे; १९२३ सालीं काकूल येथें निघालेली ही संस्था पुढें देवळालीस आली. आणि अगदीं अलीकडची गोष्ट म्हणजे, १ ऑगस्ट २०२४ रोजीं स्वप्निल कुसाळे यांनीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या ह्या तरुणानें नेमबाजीचे धडे घेतले ते नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनींत. खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकीस पदक मिळविल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूस वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ७२ वर्षें लागलीं.

असें यश पाहिलें म्हणजे एखाद्या घरांतील मुलगा किंवा मुलगी रायफलीचा हट्ट धरते, आणि वडील मंडळींच्या मनांत पहिला विचार खर्चाचा येतो. त्यांतून लांब पल्ल्याच्या नेमबाजीची हौस असली तर रायफलीइतकीच चिंता दुर्बिणीची. दिसायला सारख्याच दोन नळ्या, पण एकीची किंमत दुसरीच्या दहापट! ह्या दहापटीच्या मोबदल्यांत नक्की काय मिळतें? ह्या प्रश्नाचें उत्तर दुकानदाराच्या जाहिरातींत शोधण्यापेक्षां इतिहासांत शोधणें अधिक हिताचें.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कुसाळे यांच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत ती चालत नाहीं. पुढें एक कडें व मागें एक बारीक छिद्र, एवढ्यावरच नेम धरावयाचा. २०१० सालीं म्युनिक येथें जगज्जेतेपद मिळविणाऱ्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांचीहि गोष्ट तीच. आतां थोडें गणित पाहा. ५० मीटरवरील लक्ष्याचें दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें. दुर्बीण लावून १००० यार्डांवर खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेंत तेंच वर्तुळ १० इंचांचें असतें. नेमबाजाच्या डोळ्याशीं होणारा कोन मोजला तर दूरचें तें १० इंची वर्तुळ जवळच्या १०.४ मिलिमीटरच्या वर्तुळाहून मोठेंच भरतें! अर्थात् दूरच्या पल्ल्यावर वारा आणि गोळीची घसरण हे दोन शत्रु उभे राहतात, ही गोष्ट निराळी. परंतु नेम कांचेंत नसतो, एवढें ह्यावरून ध्यानांत यावें.

मग कांच करते तरी काय? डोळा, बंदुकीची माशी आणि लक्ष्य हीं तीन एका रेषेंत आणणें म्हणजे नेम. अडचण अशी कीं, डोळ्याला एका वेळीं एकाच अंतरावरील वस्तु स्पष्ट दिसते. माशी स्पष्ट पाहावी तर लक्ष्य धूसर होतें. लक्ष्य पाहावें तर माशी विरघळते. वय वाढतें तसा हा त्रास वाढत जातो. दुर्बिणीचा खरा उपकार हा कीं, नेमाची खूण आणि लक्ष्य हीं दोन्ही ती एकाच अंतरावर आणून ठेवते.

हा उपकार प्रथम एका कोळ्यानें केला, असें म्हटलें तर हंसूं नका! १६०८ सालीं हॉलंडांत हान्स लिपरशे यानें दुर्बिणीच्या हक्कासाठीं अर्ज केला. दुसऱ्याच वर्षीं गॅलिलिओनें ती आकाशाकडे वळविली. १६११ सालीं केप्लरनें दोन बहिर्गोल भिंगांची रचना सुचविली. ह्या रचनेंत दूरच्या वस्तूची प्रतिमा नळीच्या आंतच एका जागीं उमटते. १६४० च्या सुमारास विल्यम गॅस्कॉइन ह्या इंग्रज तरुणाच्या दुर्बिणींत नेमक्या त्याच जागीं एका कोळ्यानें तंतु ताणला. आकाशांतील वस्तु आणि तो तंतु दोन्ही एकदम स्पष्ट दिसलीं! गॅस्कॉइननें त्यांतील मर्म ओळखलें व दुर्बीण हें मोजण्याचें यंत्र बनलें. १६४४ सालीं मार्स्टन मूरच्या लढाईंत हा तरुण मारला गेला; पण त्याची फुली आज प्रत्येक शिस्तीच्या दुर्बिणींत आहे.

बंदुकीकडे येण्यापूर्वीं ही फुली जमीन मोजणाऱ्यांच्या हातीं गेली, आणि तेथें आपल्या देशाचा संबंध येतो. हिंदुस्थानच्या महात्रिकोणमितीय मोजणीचा जनक विल्यम लॅम्टन याच्याजवळ सुमारें अर्धा टन वजनाचें कोनमापक यंत्र होतें. १८०८ सालीं तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर तें चढवीत असतां दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलें व त्याचें मापाचें चक्र वांकलें. दुर्बिणीची कांच शाबूत असून काय उपयोग? माप खोटें झालें होतें. लॅम्टननें तंबूंत बसून कित्येक आठवडे पाचरी व स्क्रू यांच्या साह्यानें तें चक्र पुनः गोल केलें आणि काम पुढें चालविलें. १८२३ सालीं आपल्या वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें हा पुरुष वारला. दुर्बीण किती जवळचें दाखविते ह्यापेक्षां ती किती खरें मोजते, हा प्रश्न मोठा. हा धडा लक्षांत ठेवावा.

बंदुकीवर दुर्बीण बसविण्याचे पहिले नांव घेण्याजोगे प्रयत्न अमेरिकेंत झाले. जॉन चॅपमन यानें १८४८ सालीं तरुण नेमबाजांसाठीं एक पुस्तक लिहिलें. त्यांत वर्णिलेली, यूटिका गांवच्या मॉर्गन जेम्सनें बनविलेली दुर्बीण जवळजवळ रायफलीच्या नळीएवढी लांब होती. तिच्यांतून दिसणारा भाग अगदीं चिमुकला असे. इंग्लंडांत १८६० सालीं विंबल्डनच्या मैदानावर व्हिक्टोरिया राणीनें व्हिटवर्थ रायफलीनें ४०० यार्डांवरून पहिली गोळी झाडली. ती रायफल बैठकीवर घट्ट बसविलेली होती, आणि गोळी लक्ष्याच्या मध्यबिंदूपासून दीड इंचाच्या आंत लागली. ह्याच जातीच्या रायफलींवर पुढें बाजूला दुर्बिणी बसविण्यांत आल्या. त्या ज्याच्या नांवानें ओळखल्या जातात तो डेव्हिडसन आपल्या मुंबई इलाख्याच्या लष्करांतील अधिकारी होता.

तरीहि दुर्बिणीवांचून लांबचा नेम साधत नाहीं असें कोणीं समजूं नये. २६ सप्टेंबर १८७४ रोजीं न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथें आयरिश व अमेरिकन संघांचा ८००, ९०० व १००० यार्डांवर सामना झाला. तो उघड्या डोळ्यांच्या शिस्तीवर खेळला गेला, आणि अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनीं जिंकली. मिल्नर नांवाच्या आयरिश गड्यानें एक गोळी अगदीं मध्यभागीं मारली होती; पण ती शेजारच्या लक्ष्यावर! दोष साधनाचा नव्हता, लक्ष्य ओळखण्याचा होता.

दुर्बिणीची खरी परीक्षा पहिल्या महायुद्धांत झाली. १९१४ पूर्वीं ब्रिटनला लागणाऱ्या दृक्कांचेपैकीं निम्म्याहून अधिक कांच जर्मनींतून येत असे. जर्मनींत शॉट व आबे यांनीं १८८४ सालीं येना येथें कांचेचा कारखाना काढला होता. त्यामागें संशोधनाचें बळ होतें. युद्ध सुरू होतांच हा पुरवठा तुटला, आणि ज्याच्याजवळ कांच नाहीं त्याचे डोळे बांधल्यासारखे होतात हें ब्रिटनला कळलें. परंतु दुसरी गोष्ट अधिक बोधप्रद आहे. ब्रिटिश नेमबाजांचे शिक्षक मेजर हेस्केथ-प्रिचर्ड यांनीं आघाडीवरील दुर्बिणीच्या रायफली तपासल्या, तेव्हां त्यांतील बहुसंख्य दुर्बिणींचा नेम चुकलेला आढळला. उत्तम कांचेच्या, पण बैठक ढिली झालेल्या, किंवा वापरणाराला कधींच शिकविल्या न गेलेल्या! शाळा काढून शिकवितांच त्याच दुर्बिणी कामास येऊं लागल्या. आपल्या देशांत हें ज्ञान उशिरां आलें. १९४३ सालीं डेहराडून येथें दृक्साधनांचा सरकारी कारखाना सुरू झाला, आणि १९५० सालीं कलकत्त्यास स्थापन झालेल्या कांच संशोधन संस्थेनें पुढें दृक्कांचेचें देशी उत्पादन हातीं घेतलें.

सामान्य माणसास दुर्बीण परवडूं लागली ती एका अदृश्य लेपामुळें. उघड्या कांचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शेंकडा चार भाग प्रकाश परत फिरतो. दुर्बिणींत असे दहा पृष्ठभाग असले तर एकतृतीयांश प्रकाश वाटेंतच नाहींसा होतो. १९३५ सालीं त्साइस कंपनींतील स्माकुला यानें हें परावर्तन घालविणारा लेप शोधला. आज हा लेप साध्या दुर्बिणींवरहि असतो. म्हणजे १९१४ च्या सरदाराला जी स्वच्छ दृष्टि मिळाली नाहीं, ती आजच्या मध्यम स्थितींतील माणसाला मिळूं शकते. म्हणून स्वस्त दुर्बिणीचा दोष आतां बहुधा कांचेंत नसून यंत्रांत असतो, आणि निवड करतांना दृष्टि तेथें ठेवावी.

१००० यार्डांवर ३०८ जातीची गोळी, १०० यार्डांवर जुळविलेल्या नेमाच्या मानानें, ३० ते ३५ फूट खालीं येते. तितका नेम दुर्बिणीची फिरकी फिरवून वर घ्यावा लागतो. कोनाच्या भाषेंत सुमारें ३५ ते ४० मिनिटें. पुष्कळ स्वस्त दुर्बिणींत मध्यापासून वर ३० मिनिटेंच जागा असते. अशा वेळीं नवी दुर्बीण घेण्याऐवजीं २० मिनिटें उताराची बैठक घेतली तर काम भागतें. फिरकीचा प्रत्येक खटका, १०० यार्डांवर पाव इंच, जेवढा सांगितला तेवढाच हलला पाहिजे, व परत फिरविल्यावर पूर्वस्थळीं आला पाहिजे. ह्याची परीक्षा सोपी आहे. एका खुणेवर नेम ठेवून गोळी झाडावी. मग २० खटके वर, २० उजवीकडे, २० खालीं व २० डावीकडे असें फिरवीत प्रत्येक कोपऱ्यावर एक गोळी झाडावी, नेम मात्र मूळ खुणेवरच ठेवावा. शेवटची गोळी पहिलीच्या छिद्रापाशीं लागली तर दुर्बीण प्रामाणिक; न लागली तर ती कितीहि पट मोठें दाखवो, ती घेऊं नये.

पटींचा मोह आवरावा. पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर असला तर १० पटींवर डोळ्याशीं ४ मिलिमीटरचा प्रकाशाचा ठिपका येतो. २० पटींवर तो २ मिलिमीटरच उरतो. चित्र मंद होतें, डोळा जरा हलला कीं काळोख दिसतो. शिवाय दख्खनच्या पठारावर भर उन्हांत तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या लहरी लक्ष्याइतक्याच पटींनीं मोठ्या दिसतात! १० पटींची स्थिर प्रतिमा २४ पटींच्या नाचऱ्या प्रतिमेपेक्षां श्रेष्ठ. तिसरी गोष्ट दृष्टिभेदाची. रायफल न हलवितां डोळा थोडा बाजूला न्यावा. फुली लक्ष्यावर सरकली तर प्रतिमा व तंतु एका जागीं नाहींत, म्हणजे गॅस्कॉइनच्या कोळ्यानें जें साधलें तें त्या कारखान्याला साधलें नाहीं. लांब पल्ल्यासाठीं हा भेद घालविण्याची सोय दुर्बिणींत असावीच. आणि वाचलेला पैसा बैठक, कड्या व सराव यांवर खर्चावा.

हा खेळ म्हातारपणींहि खेळतां येतो, हेंहि सांगितलें पाहिजे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या काळांत कॅनडांतील जॉर्ज फार्कर्सन यांची नजर साथ देईना, म्हणून त्यांनीं लांब पल्ल्याच्या स्पर्धेंत दुर्बीण व टेकू यांना परवानगी मागितली. त्यांच्या नांवाच्या आद्याक्षरावरून हा प्रकार 'एफ क्लास' म्हणून जगभर रूढ झाला. दुर्बीण येथें चातुर्याला पर्याय म्हणून आली नाहीं, थकलेल्या डोळ्याला आधार म्हणून आली.

ज्यांना ह्या वाटेनें जावयाचें असेल त्यांनीं १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवान्याची चौकशी आधीं करावी आणि एखाद्या नेमबाजी संस्थेंत जावें. आपल्या देशाची राष्ट्रीय रायफल संस्था १९५१ सालीं निघाली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकारानें. त्यांच्या नांवची स्पर्धा आजहि होते. अशा संस्थेंत दुसऱ्याच्या दुर्बिणींतून पाहावयास मिळतें, आणि जाणत्याच्या देखरेखीखालीं पहिलीं कांहीं वर्षें साध्या छिद्रावर काढतां येतात. तोंवर हातीं नेम बसला तर मग घेतलेली मध्यम किंमतीची दुर्बीण पुष्कळ वर्षें पुरते. तो बसला नाहीं तर महागड्या दुर्बिणींतून फक्त चुका मोठ्या दिसतात.