तूप, घरगुती

दुधाची साय विरजून व घुसळून काढलेले लोणी मंद आचेवर कढवले, की त्यातले पाणी उडून जाते, दुधाचे घन अंश तळाला बसतात आणि वर स्वच्छ स्निग्धांश उरतो, हे तूप. त्याला साजूक किंवा लोणकढे तूप म्हणतात. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात मोसम नदीच्या काठी असलेले नामपूर हे कांद्याच्या बाजारपेठेचे गाव घ्या. अशा शेतकरी गावांत ज्या घरी दुभते जनावर आहे, तिथे तूप वेगळे करायला घ्यावे लागत नाही. रोजच्या दूध तापवण्यातूनच ते साठत जाते.

दूध : म्हशीच्या दुधात साधारण 6 ते 8 टक्के, तर गाईच्या दुधात 3.5 ते 5 टक्के स्निग्धांश असतो. म्हणजे म्हशीच्या एक लिटर दुधात जास्तीत जास्त 60 ते 80 ग्रॅम तूप असते. त्यातला काही भाग सायीखालच्या दुधात आणि ताकात राहतो, म्हणून घरी हाती येते ते याहून कमी. चाऱ्यातले कॅरोटीन गाईच्या दुधात उतरते, त्यामुळे तिचे तूप पिवळे दिसते; म्हशीचे पांढरे राहते. आंबोणाचाही परिणाम होतो. सरकी खाणाऱ्या जनावरांचे तूप अधिक घट्ट व जाड कणीचे होते. हा फरक लक्षात घेऊनच भारतातील अन्नभेसळ कायद्याच्या नियमांत कापूस पिकवणाऱ्या प्रदेशांतील तुपासाठी वेगळी मानके ठरवली गेली.

विरजण : तापवलेले दूध न हलवता निवू दिले, की जाड साय धरते. ती रोज काढून एका भांड्यात साठवतात आणि पहिल्या सायीतच चमचाभर दही घालतात. दह्यातले जिवाणू दुग्धशर्करेपासून आम्ल तयार करतात आणि लोण्याला खास वास देणारी द्रव्येही निर्माण करतात. लोणकढ्या तुपाचा दरवळ इथे ठरतो. न विरजलेल्या सायीचे तूप त्यामानाने सपक लागते. साय फार दिवस राहिली, तर आंबूस कडवटपणा तुपातही उतरतो.

घुसळण : रवीने घुसळताना स्निग्धकणांवरचे आवरण फुटते व कण एकमेकांना चिकटून लोणी वर येते. सारी मदार तापमानावर आहे. उन्हाळ्यात लोणी पातळ होऊन ताकात पसरते, म्हणून गार पाणी किंवा बर्फ घालतात. बागलाणच्या थंडीत ते लवकर येत नाही, तेव्हा कोमट पाणी लागते. लोण्याचा गोळा दोन-तीन पाण्यांतून धुतात. ताक राहिले, तर बेरी, म्हणजे कढवताना तळाला बसणारे घन अंश, वाढते आणि तूप लवकर खवट होते. निघालेल्या ताकाची कढी होते.

कढवणे : लोण्यात सुमारे 16 टक्के पाणी असते. ते असेपर्यंत तापमान 100 अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, पातेल्यात तडतड ऐकू येते व पांढरा फेस चढतो. पाणी संपताच आवाज मंदावतो, फेस बारीक होतो आणि तापमान झपाट्याने वाढू लागते. याच वेळी पातेल्यापासून हलायचे नसते. तळाची बेरी बदामी झाली, की आच बंद करतात. ऊन पातेले पुढेही कढवत राहतेच. बेरी पांढरी असताना उतरवलेल्या तुपात पाण्याचा अंश राहतो, काळी झाली तर करपट वास येतो. कढताना विड्याचे पान किंवा मेथीचे दाणे घालण्याची पद्धत आहे. पितळी पातेल्याला कल्हई हवी, कारण तांब्याच्या संपर्काने तूप लवकर खवट होते.

कणी व साठवण : गाळलेले तूप न ढवळता सावकाश निवू दिले, तर ते रवाळ होते, फ्रिजमध्ये एकदम गार केल्यास लोण्यासारखे गुळगुळीत गोठते. ओला चमचा न घालता झाकलेल्या बरणीत ते कित्येक महिने टिकते. बेरीत साखर किंवा गूळ घालून ती मुलांना देतात, किंवा पोळीच्या कणकेत मळतात.

उपयोग : वरणभात, निरांजनाची फुलवात आणि पंचामृत यांत तूप लागतेच. खानदेश व बागलाणात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांसोबत आमरस व तूप वाढतात.

भेसळ : वनस्पती तुपाची भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचे तेल मिसळणे कायद्याने बंधनकारक केले गेले, बॉडोइन चाचणीत त्याचा लाल रंग येतो. पिठूळ भेसळ आयोडीनच्या थेंबाने निळी पडते.

आजची स्थिती : दूध डेअरीला जाऊ लागल्यावर घरात साठणारी साय घटली. पिशवीतले दूध होमोजिनाइज केलेले असेल, तर त्यातले स्निग्धकण बारीक होऊन दुधभर विखुरतात व साय पातळ धरते. तुपासाठी साय साठवायची असेल, तर म्हशीचे सुटे दूध किंवा होमोजिनाइज न केलेले दूध घ्यावे.