‘कांग्गो!’ : सागवनातील एका जावानीज गावाची जमीन

सरकारी मोजणीदार शेतावर येत आणि शेतकरी त्याच शेतात आडवा होई. आडवा होऊन ओरडे, ‘कांग्गो!’ म्हणजे ‘ही माझी!’ दगडफेक नाही, अर्जविनंती नाही, वकील नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य जावातील ब्लोरा भागात डच सरकारला भेटलेला प्रतिकार हा असा होता. ही माणसे खुळी आहेत की खुळेपणाचे सोंग घेत आहेत, असा प्रश्न अधिकाऱ्यांना पडे, आणि ते तो समोरासमोर विचारतही.

आजचा थ्रेड अशा माणसांच्या एका गावाविषयी आहे. गावाचे नाव क्लोपोदुवुर.

क्लोपो म्हणजे नारळ, दुवुर म्हणजे उंच. उंच माडांचे हे गाव ब्लोरा शहराच्या दक्षिणेला, रांदुब्लातुंगच्या वाटेवर, सागाच्या जंगलाला लागून आहे. जावाला जाणारे बोरोबुदूर आणि प्रम्बानान पाहून परततात. इकडे प्रसिद्ध देऊळ नाही आणि ज्वालामुखीही नाही. ज्वालामुखी नसणे हीच येथील शेतीची मूळ अडचण. जावाची नावाजलेली सुपीकता मुख्यतः ज्वालामुखीच्या राखेतून आलेली आहे. ब्लोराच्या वाट्याला आले ते चुनखडीचे डोंगर आणि उन्हाळ्यात भेगाळणारी माती. भाताची खाचरे, म्हणजे ‘सावाह’, येथे बहुतांशी पावसावर अवलंबून. त्यांच्या जोडीला ‘तेगाल’, म्हणजे कोरडवाहू रान, आणि घराभोवती केळी-नारळ-बांबूचे परसू, ‘पेकारांगान’. या सर्वांमागे साग. जावानीज भाषेत त्याला ‘जाती’ म्हणतात.

जावाच्या खेड्याला ‘देसा’ म्हणतात. शब्द आपल्या ‘देश’चाच. मात्र देसात राहणारा प्रत्येक जण पूर्णार्थाने गावकरी नसे. ज्याच्याकडे घर, परसू आणि सावाह तिन्ही होते तो गावाचा खरा घटक. त्याला कोठे ‘गोगोल’, कोठे ‘कुली केंचेंग’, तर कोठे ‘सिकेप’ म्हणत. त्याच्या खालोखाल केवळ घर-परसू असलेले, आणि त्यांच्याही खाली दुसऱ्याच्या अंगणात झोपडी बांधून राहणारे ‘नुंपांग’. मराठेकालीन गावातील मिरासदार आणि उपरी यांचा भेद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रचना चटकन उमगेल. लुराह, म्हणजे गावाचा प्रमुख, याला पगाराऐवजी ‘बेंग्कोक’ जमीन मिळे. पाटलाच्या इनाम जमिनीची आठवण येथे व्हावी.

मिरासदाराशी तुलना मात्र एका मर्यादेपलीकडे चालत नाही. मिरासी वतन विकता येई, गहाण टाकता येई. जावातील अनेक गावांत सिकेपला आपली सावाह विकण्याची मोकळीक नव्हती, आणि काही गावांत तर ठरावीक काळाने फेरवाटप होऊन खाचरे हात बदलत. ‘जावाचा शेतकरी जमिनीचा मालक आहे की नाही?’ हा प्रश्न डच सरकारला इतका छळत होता की १८६८-६९ मध्ये ८०८ गावांत त्याची चौकशी करण्यात आली. निष्कर्षांचे तीन खंड छापून पूर्ण व्हायला १८९६ साल उजाडले. एका प्रश्नाला गावागणिक निराळे उत्तर मिळत होते.

माझ्या मते घोळ उत्तरात नव्हता, प्रश्नात होता. सिकेपची जमीन ही युरोपीय अर्थाने ‘मालमत्ता’ नव्हतीच. तिच्यासोबत ओझे येई: जमीनमहसूल, रस्ते आणि पुलांची वेठ, रात्रीचा पहारा, सरकारी माल वाहून नेणे. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्यावर हा भार सहसा नसे. जो भार उचली त्याचा जमिनीवर हक्क, आणि गावाच्या पंगतीत मान. हा व्यवहार न्याय्य होता असे मुळीच नाही. नुंपांग कुटुंबे सिकेपच्या शेतात राबत, आणि करगणनेत ‘एक घर’ म्हणून लिहिल्या जाणाऱ्या एका सिकेपच्या छायेत कित्येक कुटुंबे असत. परंतु तो व्यवहार होता. त्याला दोन बाजू होत्या.

त्या व्यवहाराला पहिला मोठा धक्का दिला तो इंग्रजांनी, आणि त्या धक्क्याचा उगम होता हिंदुस्थानात. १८११ मध्ये इंग्रजांनी जावा जिंकले आणि स्टॅमफर्ड रॅफल्स तेथला लेफ्टनंट गव्हर्नर झाला. मद्रास इलाख्यात टॉमस मन्रोने रुजवलेल्या रयतवारीचा त्याच्यावर मोठा प्रभाव होता. जमीन सर्वस्वी सार्वभौम सत्तेची, शेतकरी तिचा खंडकरी, हे तत्त्व त्याने जावात लागू केले. उत्तम सावाहवर निम्मे पीक, मध्यम सावाहवर दोन पंचमांश, कनिष्ठ सावाहवर एक तृतीयांश, असे दर ठरले. रयतवारीचाच विचार पुढे मुंबई इलाख्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांच्या मोजणीतून आपल्याकडे स्थिरावला. सातबाराच्या उताऱ्यामागचा इतिहास आणि क्लोपोदुवुरचा इतिहास अशा रीतीने एकाच झाडाच्या दोन फांद्या ठरतात. रॅफल्सपाशी मात्र नीट मोजणीही नव्हती आणि माणसेही नव्हती. १८१६ मध्ये डच परतले. कागदावरचा व्यक्तिगत शेतकरी मागे पडला आणि वसुली पुन्हा गावाकडून होऊ लागली. ‘जमीन सरकारची’ हे तत्त्व तेवढे त्यांनी जपून ठेवले.

१८३० पासूनच्या सक्तीच्या लागवड पद्धतीविषयी, ऊस-नीळ-कॉफीविषयी, पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्यावर येथे थांबत नाही. ब्लोराचे खरे पीक साग होते. जहाजांसाठी, इमारतींसाठी, पुढे रेल्वेच्या स्लीपरसाठी साग हवा असे. तो तोडण्याच्या आणि ओढून नेण्याच्या वेठीला ‘ब्लांदोंग’ म्हणत. झाड तोडणारा गावकरी, ओंडका ओढणारे बैलही त्याचेच. ही वेठ जाचक होती. तरी ज्या जंगलात तो राबे त्याच जंगलातून घराचे खांब, सरपण आणि गुरांचा चारा तो आणी. पुन्हा तोच दुहेरी व्यवहार.

१८६५ च्या वन कायद्याने ब्लांदोंगची सक्ती संपवण्याची दिशा धरली. वरकरणी ही सुधारणा होती. परंतु १८७० मध्ये सरकारने जाहीर केले की ज्या जमिनीवर कोणाला पूर्ण मालकी सिद्ध करता येणार नाही ती सरकारची. जंगलावर पूर्ण मालकी सिद्ध करणारा कागद क्लोपोदुवुरच्या शेतकऱ्याकडे कोठून असणार? पुढच्या दशकांत जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या, वनरक्षक नेमले गेले. आजोबांनी ज्या झाडाचा खांब घराला लावला तसलेच झाड तोडणारा नातू चोर ठरला. व्यवहाराची एक बाजू अशी संपली. दुसरी बाजू, म्हणजे भार, कमी झाली नाही. १८८२ मध्ये वेठीच्या काही भागाऐवजी रोख डोईपट्टी आली.

या पार्श्वभूमीवर १८९० च्या सुमारास क्लोपोदुवुरमध्ये सामिन सुरोसेंतिको नावाचा शेतकरी लोकांना काही सांगू लागला. त्याचा जन्म १८५९ चा, रांदुब्लातुंगजवळच्या प्लोसो केदिरेन गावचा. तो निरक्षर होता, पण भूमिहीन नव्हता. त्याच्याकडे तीन बाउ सावाह, एक बाउ कोरडवाहू आणि सहा गुरे होती. एक बाउ म्हणजे साधारण पावणेदोन एकर. एकूण सातेक एकरांचा धनी. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. बंड करतात ते उपाशी लोक, ही आपली सोपी समजूत येथे अडखळते. सामिनच्या मागे गेले ते प्रामुख्याने जमीन असलेले शेतकरी. स्वतःला ते ‘सामिन’ म्हणवत नसत. ते म्हणत, आम्ही ‘वोंग सिकेप’, सिकेप माणसे. गावाच्या भारवाहू घटकाचे जुने नावच त्यांनी उचलले होते.

त्यांच्या मार्गाला ‘आदमचा धर्म’ म्हणत. चोरी नको, खोटे नको, व्यभिचार नको. शेती हे पवित्र काम. व्यापारात खोटेपणा आलाच, म्हणून व्यापार नको. विवाहासाठी मशिदीच्या अधिकाऱ्याकडे जायचे नाही, आणि त्याची फी द्यायची नाही. १९०३ च्या आरंभीच्या सरकारी अहवालात ३४ गावांत पसरलेल्या ७७२ अनुयायांची नोंद सापडते. तोवर सरकारला त्यात धोका दिसत नव्हता.

१९०५ च्या सुमारास चित्र पालटले. त्या काळात डच सरकार ‘नैतिक धोरणा’च्या नावाने खेड्यांचे भले करायला निघाले होते. गावोगाव धान्यपेढ्या, सामायिक गुरांचे कळप, नवे ग्रामनियम. वर्गणी ऐच्छिक म्हणायची. प्रत्यक्षात वरून ‘पेरिंताह हालुस’ येई, म्हणजे मऊ शब्दांतला हुकूम. सिकेप माणसांनी धान्यपेढीत धान्य घालणे थांबवले. कळपातून आपली गुरे सोडवून घेतली. रात्रीच्या पहाऱ्याला जाणे बंद केले. जंगलातून साग आणणे मात्र चालूच ठेवले.

अधिकाऱ्यांना बहुधा याहून अधिक झोंबली ती त्यांची भाषा. जावानीज भाषेत माणसाच्या दर्जाप्रमाणे शब्दच बदलतात. ‘खाणे’ यासाठी बरोबरीच्या माणसाशी ‘मांगान’, आदराने ‘नेदो’, आणि थोरांविषयी बोलताना ‘दाहार’. सिकेप माणसे सर्वांशी ‘न्गोको’त, म्हणजे बरोबरीच्या साध्या बोलीत बोलू लागली. मामलेदाराला ‘अरे-तुरे’ करावे तसे हे, किंबहुना त्याहून धारदार. कारण आपल्याकडे सर्वनाम आणि क्रियापद बदलले की भागते, तेथे वाक्यातील बहुतेक शब्द बदलावे लागतात.

करवसुलीच्या वेळचा एक संवाद नोंदवला गेला आहे. अधिकारी म्हणतो, तुझ्याकडे सरकारचे ९० सेंट येणे आहे. शेतकरी सांगतो की त्याने सरकारकडून काही उसने घेतलेलेच नाही. पूर्वी तर भरत होतास, असे म्हटल्यावर उत्तर येते की पूर्वीचे पूर्वी, आताचे आता. पैसे नसतील तर सरकार रस्ते कसे राखणार, असे समजावल्यावर तो म्हणतो की रस्त्याचा त्रास वाटला तर आमचा आम्ही दुरुस्त करू. यात खुळेपणा कोठे आहे? कर म्हणजे देणे, आणि देणे फिटते ते घेतलेल्याचे. सरकारने काय दिले, हा प्रश्न तो उलट्या बाजूने विचारतो आहे.

आता तो ‘कांग्गो’ शब्द. नोंदींत त्याचा अर्थ ‘ही माझी’ असा दिला जातो. जावानीजमध्ये मात्र ‘कांग्गो’ म्हणजे ‘-साठी’, ‘वापरात असलेले’. शेतात आडवा पडलेला माणूस मालकीचा कागद दाखवत नव्हता. ही जमीन वापरात आहे, कसली जाते आहे, असे तो अंगाने सांगत होता. मोजणीदार आले होते ते बेंग्कोक आणि सामायिक जमिनींचे नव्याने वर्गीकरण करायला. नकाशावर रेघ पडली की वापराचा हक्क कागदाच्या हक्कापुढे हरणार, हे त्याला चांगले कळत होते. जंगलाचे तेच झाले होते.

१९०७ मध्ये उठावाची अफवा पसरली. सामिनने शस्त्र उचलल्याचे कोठेही दिसत नाही. तरी त्याला पकडून आठ साथीदारांसह हद्दपार करण्यात आले. १९१४ मध्ये सुमात्रातील पाडांग येथे तो वारला. त्याच वर्षी करांचा बोजा पुन्हा वाढला आणि ब्लोराबाहेरच्या भागांतही सिकेप माणसांनी कर नाकारले. नेता दूर असताना, आणि त्याचा लिखित ग्रंथ हाती नसताना चळवळ पसरली, ही गोष्ट मला त्याच्या अटकेहून महत्त्वाची वाटते.

इतिहासकारांत मतभेद आहेत. हॅरी बेंडा आणि लान्स कॅसल्स यांनी १९६९ च्या लेखात कर आणि गावावरील वाढत्या सरकारी हस्तक्षेपाकडे लक्ष वेधले. नॅन्सी पेलुसो यांनी १९९२ च्या ग्रंथात जंगलाचा हक्क केंद्रस्थानी आणला. मला पेलुसोंचा युक्तिवाद अधिक पटतो, कारण कर जावात सर्वत्र वाढत होते, पण सिकेप माणसे उभी राहिली ती सागाच्या पट्ट्यात. तथापि जंगल आणि कर ही दोन कारणे वेगळी धरली की मूळ मुद्दा हातातून सुटतो. जंगल घेतले गेले आणि कर तसाच राहिला, हे एकत्र घडले.

स्वतंत्र इंडोनेशियाने १९६० च्या जमीन कायद्याने १८७० ची ती घोषणा रद्द केली. सागाचे जंगल मात्र गावांकडे परतले नाही. ते आज ‘पेरहुतानी’ या सरकारी वन महामंडळाकडे आहे. शेतजमिनीच्या बाबतीत खेड्यात कित्येक दशके ‘पेतुक’ किंवा ‘गिरिक’ हाच मालकीचा पुरावा मानला गेला. मुळात तो कर भरल्याचा कागद. म्हणजे ज्याने कर नाकारला त्याने आपल्या मालकीचा कागदही नाकारला. सामिनच्या अनुयायांनी केवढी जोखीम पत्करली होती, हे येथे ध्यानात यावे.

क्लोपोदुवुरच्या कारांगपाचे वाडीत आजही ‘सेदुलुर सिकेप’, सिकेप भावंडे, राहतात. पश्चिमेकडे पातीच्या सुकोलिलो भागातही त्यांची वस्ती आहे. तेथले सिकेप शेतकरी केंदेंगच्या चुनखडी डोंगरातील सिमेंट प्रकल्पांविरुद्धच्या लढ्यात पुढे होते. एप्रिल २०१६ मध्ये केंदेंगच्या नऊ शेतकरी स्त्रिया जकार्तातील राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर सिमेंटमध्ये पाय रोवून बसल्या. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेम्बांगच्या कारखान्याचा पर्यावरण परवाना रद्द केला. फेब्रुवारी २०१७ मध्ये मध्य जावाच्या राज्यपालांनी नवा परवाना काढला. मार्चमध्ये शेतकरी पुन्हा त्याच जागी येऊन सिमेंटमध्ये पाय रोवून बसले.