आमवात व हवामान (जळकोट परिसर)

आमवात : शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटून होणारा दीर्घकालीन दाह. स्त्रियांत प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सारखे सुजतात आणि सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकतो : बांगडी मनगटाबाहेर निघत नाही, भाकरी थापता येत नाही. उतारवयातली गुडघेझीज आणि चिकुनगुन्यानंतर महिनोन् महिने रेंगाळणारी सांधेदुखी (2006 च्या साथीनंतर महाराष्ट्रात पुष्कळ दिसलेली) हे वेगळे विकार होत.

परिसर : जळकोट हे धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील, सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे नळदुर्गजवळचे गाव. लातूर जिल्ह्यातील याच नावाचे तालुक्याचे ठिकाण निराळे. पर्जन्यछायेतील कोरडे पठार. जिल्ह्याचा वार्षिक पाऊस सरासरी सुमारे 750 मिमी, त्यातही सप्टेंबरचा जोर मोठा. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो.

भिगवण पाहणी : या पट्ट्याशी ताडून पाहण्याजोगी सर्वांत चांगली नोंद पुणे–सोलापूर रस्त्यावरील भिगवणची (ता. इंदापूर). जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमाखाली डॉ. अरविंद चोप्रा आणि पुण्याच्या सेंटर फॉर र्‍ह्यूमॅटिक डिसिजेस या संस्थेने 1996 मध्ये तेथे घरोघर पाहणी केली. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून प्रश्नावली भरून घेतली गेली. दुखणे सांगणाऱ्यांना नंतर तज्ज्ञांनी तपासले. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी 18 टक्क्यांच्या आसपास लोकांना सांधे-स्नायूंचे दुखणे होते. आमवात मात्र सुमारे 0.5 टक्के. दिल्लीजवळच्या ग्रामीण पाहणीत हाच आकडा 0.75 टक्के आला होता. तेथील हिवाळा भिगवणपेक्षा पुष्कळ कडक, पण दोन्ही आकडे एकाच घरातले आहेत. भिगवणही कोरड्या पट्ट्यातलेच, त्यामुळे कोरड्या हवेत हा रोग होत नाही, हा समज टिकत नाही.

हवामान व वेदना : अमेरिकेत हॉलंडर यांनी 1960 च्या दशकाच्या आरंभी नियंत्रित हवामानाच्या खोलीत रुग्णांना ठेवून प्रयोग केले. नुसती आर्द्रता वाढवून किंवा नुसता दाब उतरवून फरक पडला नाही. दोन्ही एकदम केल्यावर दुखणे वाढले. रुग्ण मोजकेच होते. रेडेलमायर व ट्वर्स्की (1996) यांनी 18 रुग्णांच्या 15 महिन्यांच्या नोंदी हवामानाशी ताडल्या. मेळ बसला नाही, जरी रुग्णांची खात्री ठाम होती. ब्रिटनमध्ये 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अडीच हजारांवर लोकांच्या मोबाइल-नोंदींवरील अभ्यासात दमट, कमी दाबाच्या, वाऱ्याच्या दिवशी वेदना थोडी अधिक आढळली. परिणाम खरा, पण माफक.

जळकोटला मृगाच्या सुमारास आर्द्रता चढते आणि दाब उतरलेला असतो, म्हणजे हॉलंडर यांची जोडी जुळते. पण पेरणी आणि खुरपणीही तेव्हाच. ओल्या रानात खुरप्याची मूठ आवळून दिवसभर उकिडवे बसल्यावर बोटे सुजली, तर दोष आभाळाचा की मुठीचा, हे वेगळे काढता येत नाही. शिवाय थंडीत हवेचा दाब वर्षातला सर्वाधिक असतो, तरी पहाटेचे आखडणे तेव्हाही सांगितले जाते. एका कारणावर सगळे बेतणे बरोबर नाही.

आयुर्वेद : ‘माधवनिदाना’त आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि आयुर्वेदात वर्षाऋतू वातप्रकोपाचा मानला आहे.

धोका व स्थान : तंबाखूचा धूर व दगड फोडतानाची सिलिकाधूळ यांमुळे धोका वाढतो, हे प्रस्थापित आहे. अमेरिकी परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात राहण्याच्या प्रदेशानुसार जोखीम बदललेली दिसली. कारणांबाबत मतभेद आहेत.

उपचार : ऋतू वेदना वरखाली करतो, सांध्याची झीज थांबते ती औषधाने, आणि ते पहिल्या काही महिन्यांत सुरू व्हावे लागते. हवापालटासाठी गाव सोडण्यापेक्षा सोलापूर वा लातूरच्या तज्ज्ञाकडे वेळेत पोहोचणे महत्त्वाचे. उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी झाले की वेदनाशामके मूत्रपिंडाला बाधतात आणि मेथोट्रेक्सेटची विषबाधा संभवते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते.