एकच गेट, दोन शाळा: न्यूयॉर्कच्या पालकांचं भांडण नेमकं कुणाशी?

हेडफोन लावलेत ना? आज आपण न्यूयॉर्कला जाणार आहोत, तेही थेट एका शाळेच्या गेटवर.

हार्लेम, सकाळचे आठ. इमारत एकच, पण आत शाळा दोन. एका मजल्यावर वस्तीतली नेहमीची सरकारी शाळा, दुसऱ्या मजल्यावर चार्टर शाळा. न्यूयॉर्कमध्ये अशा इमारती बऱ्याच आहेत. जिम एकच, कँटीन एकच, फक्त वेळा वाटून घेतलेल्या. गेटवर उभे असलेले आईबाप एकाच गल्लीत राहणारे. पण एकमेकांकडे बघताना मनातल्या मनात निकाल लागलेला असतो. "यांनी फक्त आपल्या पोरापुरतं बघितलं." आणि समोरून, "यांना पोराची काळजी असती तर इथं ठेवलं असतं का?"

हा निकाल आला कुठून? त्यासाठी साठेक वर्षं मागे जावं लागेल.

आधी चार्टर म्हणजे काय ते बघू. चार्टर म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातली सनद. सरकार एखाद्या संस्थेला सांगतं: ही सनद घ्या, काही वर्षं शाळा चालवा. पैसे सरकारचे, मुलांना फी नाही, नियमांत मोकळीक. पण काम दिसलं नाही तर सनद रद्द. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत. आपल्याकडे आरटीईची सोडत ज्यांच्या घराने अनुभवली आहे, त्यांना ही धाकधूक वेगळी सांगायला नको. याउलट वस्तीतली शाळा ठरते तुमच्या पत्त्यावरून.

आता चला १९६४ मध्ये. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य आहे, हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येऊन दहा वर्षं झाली होती. पण न्यूयॉर्कमध्ये वस्त्याच वेगळ्या, म्हणून शाळाही वेगळ्या. कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन मुलांच्या शाळा खच्चून भरलेल्या. ३ फेब्रुवारी १९६४ ला शहरातली साडेचार लाखांहून जास्त मुलं शाळेत गेलीच नाहीत! या बहिष्काराचे पुढारी होते पाद्री मिल्टन गॅलमिसन, आणि आखणी बायर्ड रस्टिन यांची. मागणी एकच: सगळ्यांच्या मुलांना एकत्र शिकवा, आणि ते कधी करणार त्याची तारीख सांगा.

पुढच्याच महिन्यात दुसरा मोर्चा निघाला. हजारो गोरे पालक, त्यांत बहुतेक आया, ब्रुकलिन ब्रिजवरून चालत आल्या. त्यांचं म्हणणं होतं, आमची मुलं आमच्या वस्तीतल्याच शाळेत राहू द्या. म्हणजे बघा, 'वस्तीतली शाळा' हा वरवर साधा वाटणारा शब्द तेव्हाच भांडणात उतरला होता.

शाळा काही एकत्र झाल्या नाहीत. मग कृष्णवर्णीय पालक म्हणाले, ठीक आहे, निदान आमच्या शाळांचा कारभार तरी आमच्या हाती द्या. ब्रुकलिनच्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिल भागात तसा प्रयोग सुरू झाला. तिथल्या स्थानिक मंडळाने १९६८ मध्ये काही शिक्षकांना हटवलं, आणि शहरभर शिक्षकांचा मोठा संप पेटला. संपाचे नेते अल्बर्ट शँकर. शिक्षक आणि पालक यांच्यात जी फट पडली, ती पुढे कित्येक वर्षं बुजली नाही.

आता गंमत ऐका. बरोबर वीस वर्षांनी, १९८८ मध्ये, चार्टर शाळांची कल्पना देशभर चर्चेत आणली ती याच शँकर यांनी! 'चार्टर' हा शब्द रे बुडी या प्राध्यापकांचा. शँकर यांचा बेत असा, की शिक्षकांनीच लहानशा प्रयोगशाळा चालवाव्यात, आणि तिथं जे जमेल ते वस्तीतल्या शाळांनी उचलावं. म्हणजे स्पर्धा नाही, देवाणघेवाण. १९९१ मध्ये मिनेसोटाने पहिला कायदा केला, १९९२ मध्ये तिथं पहिली शाळा उघडली. पण पुढे खासगी कंपन्या यात उतरल्या आणि शँकरच चार्टरचे टीकाकार झाले. न्यूयॉर्कचा कायदा १९९८ चा. १९९९ मध्ये हार्लेममध्ये पहिली चार्टर शाळा सुरू झाली, दक्षिण आफ्रिकेचे नेते वॉल्टर सिसुलू यांच्या नावाने.

मग भांडण कशाचं? पैशाचं. मूल चार्टरमध्ये गेलं की त्याच्या नावाचा निधीही तिकडे जातो. समजा, एका शाळेतून वेगवेगळ्या वर्गांतली वीस मुलं गेली. वीस मुलांचे पैसे गेले, पण वर्ग तेवढेच, शिक्षक तेवढेच, हीटिंगचं बिल तेवढंच. मागे राहिलेल्या आईचा राग खोटा नाही.

आणि गेलेल्या आईचं? तिला पाचव्या वर्षी पोराचं भविष्य दिसतंय. ती कुठवर थांबणार? बरं, चार्टर म्हणजे हमखास चांगली शाळा, असंही नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो संस्थेने २००९ मध्ये १६ राज्यांमध्ये गणिताचे निकाल तपासले. जवळपासच्या सरकारी शाळांपेक्षा १७ टक्के चार्टर सरस, ३७ टक्के मागे, बाकीच्या तेवढ्याच. त्याच संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात चार्टरची मुलं सरासरीने थोडी पुढे दिसली. थोडीच.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या गेटवर तिसरा पालक दिसतच नाही. त्याने चांगल्या शाळेच्या हद्दीत महागडं घर घेतलं. निवड त्यानेही केलीच, फक्त अर्ज भरून नाही, गृहकर्ज काढून. त्याला कुणी स्वार्थी म्हणत नाही. उलट त्याची मुलं 'वस्तीतल्या शाळेत' जातात म्हणून त्याची पाठ थोपटली जाते!

१९६४ मध्ये पालक विचारत होते, सगळ्या मुलांना चांगली शाळा कधी देणार? आज तेच पालक एकमेकींना विचारतात, तू तुझं मूल तिथं का घातलंस? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरकारला द्यावं लागलं असतं. दुसऱ्याचं द्यावं लागतं शेजारणीला. सरकार मात्र सुटलं.

तुमच्या शाळेचा निर्णय घरात कुणी घेतला, आणि तेव्हा शेजारी काय म्हणाले होते? आज रात्री जेवताना आईला विचारून बघा. पुढच्या भागात भेटू!