खेळातील कथा व खेळणाराचे मन

'खेळ' हा शब्द आपल्याकडील वडील मंडळी दोन निरनिराळ्या स्वरांत उच्चारतात. मूल मैदानावर असले म्हणजे तो स्वर कौतुकाचा असतो; तेच मूल संगणकासमोर बसले म्हणजे तो तक्रारीचा होतो. आम्हीही इतके दिवस या तक्रार करणाऱ्यांतलेच होतो. पंचवीस-तीस वर्षे महाविद्यालयात वाङ्मय शिकविल्यामुळे कथा म्हणजे पुस्तक, फार तर रंगभूमी, अशी आमची समजूत घट्ट झालेली होती. संगणकावरील खेळ ही वेळ दवडण्याची एक नवी सोय, यापलीकडे त्यांचा विचार करावा असे आम्हांस कधी वाटले नाही. परंतु गेल्या वर्षी गणपतीच्या सुटीत परभणीस आमच्या घरी एक लहानशी गोष्ट घडली आणि ही समजूत तपासून पाहणे आम्हांस भाग पडले.

आमचा पुतण्या सुटीसाठी आला होता. एका रात्री तो जेवावयास बसला, पण घास त्याच्या तोंडात जाईना. प्रकृती बरी नाही काय, असे विचारता तो ओशाळून म्हणाला, "काका, खेळात मी एका म्हाताऱ्या-म्हातारीचं घर लुटलं. औषधं, खाणं, सगळं उचलून आणलं. आज पुन्हा तिथं गेलो, तर दोघंही मरून पडलेली." आम्ही हसलो. आमच्या मातोश्री मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ऐंशी वर्षे ओलांडली आहेत आणि संगणकास त्यांनी कधी हात लावलेला नाही. त्या म्हणाल्या, "आधीच माघारी देऊन यायचं होतंस की रे, बाळा." तो म्हणाला, "आमच्यातला एक जण आजारी होता, आजी." यावर मातोश्री काही बोलल्या नाहीत, त्यांनी त्याच्या पाठीवर नुसता हात ठेवला. खेळातल्या माणसांसाठी झालेले ते दुःख त्यांस खोटे वाटले नाही, आम्हांस वाटले. दोघांत चूक कोणाची, याचा विचार आम्ही नंतर पुष्कळ दिवस करीत होतो.

तो खेळ म्हणजे पोलंडमधील वॉर्सा येथील ११ बिट स्टुडिओज या संस्थेने २०१४ साली काढलेला 'धिस वॉर ऑफ माइन' हा होय. युद्धाच्या बहुतेक खेळांत खेळणारा सैनिक असतो. येथे मात्र तो वेढा पडलेल्या शहरातील काही सामान्य माणसांचा सांभाळ करतो. १९९२ ते १९९६ या काळात सारायेव्हो शहरास पडलेला वेढा या कल्पनेच्या मुळाशी आहे. दिवसा गोळीबाराच्या भीतीने घरात दडून राहावयाचे आणि रात्री अन्न, औषध, सरपण शोधीत हिंडावयाचे, एवढाच काय तो खेळ. अन्न कोणापासून घ्यावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. चोरी केलीच, तर आपली माणसे जगतात, परंतु खिन्न होऊन बसतात. शालेय विद्यार्थ्यांच्या वाचनसूचीत हा खेळ घालण्याचे पोलंडच्या सरकारने २०२० साली जाहीर केले. ज्या देशाने वेढे आणि उपासमार स्वतः भोगली, त्याने एका खेळास पुस्तकांच्या रांगेत बसवावे, ही गोष्ट सहज सोडून देण्याजोगी नाही.

या खेळांत कथा शिरली केव्हा? १९६२ सालचा 'स्पेसवॉर' आणि १९७२ सालचा 'पाँग' यांत कथा जवळजवळ नव्हतीच. एकात आकाशयाने एकमेकांवर मारा करीत, दुसऱ्यात एक ठिपका इकडून तिकडे टोलवावयाचा असे. कथेचा खरा प्रवेश एका घरगुती दुःखाच्या वाटेने झाला. अमेरिकेतील विल क्राउदर हा संगणकाचा जाणकार गुहा धुंडाळण्याचा शौकीन होता. घटस्फोटानंतर मुली दुरावल्या, तेव्हा त्यांना रमविण्याकरिता त्याने १९७५-७६ च्या सुमारास केंटकीतील आपल्या परिचयाच्या गुहांचा एक खेळ रचला. त्यात चित्र एकही नव्हते. संगणक वर्णन करी आणि खेळणारा एक-दोन शब्दांत आज्ञा टंकित करी. पुढे १९७७ साली डॉन वुड्स याने त्यात भर घातली आणि त्या जातीच्या खेळांची एक परंपराच सुरू झाली.

त्याच परंपरेतील १९८३ सालचा 'प्लॅनेटफॉल' हा स्टीव्ह मेरेट्झ्की याचा खेळ आमच्या मते महत्त्वाचा आहे. यात फ्लॉइड नावाचा एक बालस्वभावाचा यंत्रमानव खेळणाऱ्याचा सोबती असतो. एका भयंकर दालनातून एक वस्तू आणावयाची असते आणि फ्लॉइड आपण होऊन पुढे होतो. तो आत जातो आणि परत येतो तो मोडून पडण्याकरिताच. कथेच्या अखेरीस त्यास दुरुस्त करतात, ही गोष्ट निराळी. परंतु त्याच्या मृत्यूने त्या काळी पुष्कळांच्या डोळ्यांस पाणी आणले. येथे ध्यानात ठेवण्याजोगी बाब अशी की, दार उघडण्याची आणि फ्लॉइड आत गेल्यावर ते लावून घेण्याची आज्ञा खेळणारा स्वतः देतो. कादंबरीत हे दार लेखकाने लावले असते.

आमचा सारा मुद्दा या दारापाशी आहे. आपल्या साहित्यशास्त्राने रसाचा विचार केला, तो प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवून. रंगभूमीवरील शोक कोणा एकाचा राहत नाही, त्याचे साधारणीकरण होते. म्हणूनच करुणातही आस्वाद असतो, असे भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी सांगितले. भरताच्या तेहतीस व्यभिचारी भावांत व्रीडा आहे आणि तिच्या कारणांत पश्चात्तापही आहे. परंतु हा पश्चात्ताप पात्राचा, प्रेक्षकाचा नव्हे. दुष्यंताने शकुंतलेस ओळखले नाही याबद्दल प्रेक्षक हळहळतो; तिला आपण नाकारले असे त्यास वाटत नाही, आणि वाटावे तरी कसे? त्याने काही केलेलेच नसते. आमच्या पुतण्याने मात्र केले होते. त्याच्या घशात अडकलेला घास करुणेचा नव्हता. तो लाजेचा होता. कथेने मनुष्यास आपल्याच कृत्याची लाज वाटावयास लावणे, ही शक्ती नाटकास क्वचितच लाभते. या खेळांस ती सहज लाभली आहे.

कृत्याप्रमाणे हताशताही हे खेळ हातालाच शिकवितात. रायन आणि एमी ग्रीन या अमेरिकन दांपत्याचा जोएल नावाचा मुलगा कर्करोगाने २०१४ साली गेला. त्याच्या आजारपणावर त्यांनी रचलेला 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' हा खेळ २०१६ साली निघाला. त्यातील एका प्रसंगी रुग्णालयाच्या खोलीत मूल रडत असते आणि खेळणारा बापाच्या जागी असतो. पाणी पाजावे, उचलून घ्यावे, फेऱ्या घालाव्या, सारे करून पाहावे, तरी रडे थांबत नाही. खेळ म्हटला की युक्ती असावयाचीच, या आपल्या विश्वासाचा येथे चुराडा होतो. रोग्याच्या उशाशी रात्री काढलेल्या मनुष्यास याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

हे सारे परदेशचे झाले. आपल्या मातीत यास मूळ आहे काय? मोक्षपटाचे नाव येथे प्रथम सुचते. परंपरा त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते. त्यास पुरावा भक्कम नाही, परंतु सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असलेले पट आपल्याकडे खेळले जात, यात शंका नाही. हाच पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात जाऊन मुलांची सापशिडी झाला. सापाने गिळलेली सोंगटी आपली असते, म्हणून ते पतनही आपले वाटते. तथापि त्यात एक उणीव राहतेच. क्रोधाच्या घरात आपणांस कवडी नेते. आपण क्रोध केलेला नसतो. दैव आहे, कर्म नाही.

याहून जवळचे मूळ आम्हांस आमच्याच जिल्ह्यात सापडले, आणि ते पटावर नसून जात्यावर आहे. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड ही जनाबाईंची जन्मभूमी. त्यांच्यासवे विठ्ठल दळू लागला, ही कथा महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? तिचा अर्थ आम्ही असा लावतो की, दळणारीच्या कथेतला देव दूर सिंहासनावर राहू शकत नाही, त्यास खुंट्याला हात घालावाच लागतो. हेमा राईरकर व गी पॉइट्व्हँ यांनी पुढाकार घेऊन खेडोपाडीच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. त्यांतच पूर्णा तालुक्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आहे. वनवासातील सीतेचे दुःख त्या गातात. या ओव्यांतील सीता ही महाकाव्याची नायिका राहत नाही, ती 'सीताबाई' होते, शेजारची होते. गाणारी तिला विचारते, समजावते आणि तिच्या सासुरवासात आपला सासुरवास मिसळते. येथे ऐकणारी निराळी आणि सांगणारी निराळी नाही. कथा कानाने नव्हे, हाताने चालते. हात थांबला की ओवीही थांबते. संगणकावरील खेळाशी याचे साम्य अंशतःच आहे, हे आम्ही जाणतो. दळणारी सीतेचा वनवास टाळू शकत नाही. परंतु कथेत आपला हात गुंतला म्हणजे मन अधिक खोल गुंतते, हे तिला पूर्वीपासून ठाऊक होते.

मग आपल्या कथांचे असे खेळ आपल्याकडे होत नाहीत काय? एक तरी झाला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेने २०२० साली 'राजी' हा खेळ प्रसिद्ध केला. असुरांनी पळविलेल्या गोलू या आपल्या भावास शोधीत राजी नावाची मुलगी निघते. दुर्गा आणि विष्णू तिची धडपड पाहत परस्परांत बोलत असतात, आणि मधले कथाभाग छायाबाहुल्यांच्या रूपाने येतात. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांस ती रीत परकी वाटणार नाही. २०१७ साली या खेळासाठी लोकांकडून वर्गणी जमविण्याचा प्रयत्न फसला होता. तरी तो पुरा झाला आणि २०२० सालच्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये नवोदितांच्या पदार्पणाच्या पारितोषिकासाठी त्याचे नामांकन झाले. आमच्या जात्यावरच्या सीतेचा खेळ मात्र अजून आमच्या पाहण्यात नाही. तो दुसऱ्या कोणी, दुसऱ्या भाषेत करावा आणि आमच्या नातवंडांनी तो तसाच स्वीकारावा, असे होऊ नये, एवढी इच्छा आहे.

या प्रशंसेमुळे कोणी आमच्यावर पोरांस बिघडविण्याचा आरोप करील. त्यास आमचे उत्तर असे की, खेळ आणि द्यूत यांतील भेद महाभारताइतका जुना आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायद्याने बंदी घातली, ती आम्हांस योग्य वाटते. ज्यांत कथा नाममात्र आणि मुलास उठू न देण्याची युक्तीच तेवढी मुख्य, असेही खेळ पुष्कळ आहेत. परंतु सवंग कादंबऱ्या निघतात म्हणून हरिभाऊ आपट्यांचे पुस्तक कोणी कपाटाबाहेर काढीत नाही. निवड करावी लागते, आणि निवड करावयाची तर आधी वडील माणसांनी घटकाभर शेजारी बसून पाहिले पाहिजे.

हा लेख लिहिताना आम्ही मातोश्रींस विचारले, दळताना सीतेची ओवी गाऊन रडू येत असे काय? त्या म्हणाल्या, "यायचं की. पण हात थांबवून कसं चालेल? पीठ लागायचं." गोष्ट ऐकताना आपण "मग काय झालं?" असे विचारतो. या खेळांपुढे तो प्रश्न अपुरा पडतो, तेथे "मग तू काय केलंस?" असे विचारावे लागते. त्या रात्री जेवणाच्या पानावर पुतण्याने आपण होऊन त्याचेच उत्तर दिले होते. ते मातोश्रींनी ऐकून घेतले आणि आम्ही हसलो, याची आम्हांस आज लाज वाटते.